पाणाड्याची फांदी आणि शेतकऱ्याचें भांडवल

विहिरीनें तळ गांठला कीं आपल्या गांवोगांवीं पाणाड्यास बोलावणें जातें. कोणी दुबेळकी फांदी हातांत धरून शेतांत फिरतो, कोणी तळहातावर नारळ ठेवितो. फांदी वळली किंवा नारळ उभा राहिला कीं तेथें खूण करावयाची व कर्ज काढून खोदावयास लागावयाचें, हा परिपाठ. प्रश्न केवळ श्रद्धेचा नसून कुटुंबाच्या भांडवलाचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिणें भाग आहे.

पाणाडी लबाडच असतो असें आमचें मत नाहीं. फांदी खरोखर वळते. परंतु ती पाण्यानें नव्हे. मनांतील अपेक्षेमुळें स्नायूंची सूक्ष्म हालचाल माणसाच्या नकळत होते, हें इंग्रज शास्त्रज्ञ कार्पेंटर यांनीं १८५२ सालींच मांडलें. ताणून धरलेल्या फांदीस तेवढें निमित्त पुरतें.

मग ही अपेक्षा येते कोठून? वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायांत जांभूळ, उंबर, वारूळ अशा खुणांवरून किती पुरुष खोलीवर पाणी लागेल हें सांगितलें आहे. त्यांतील प्रत्येक खूण खरी ठरेल असें नाहीं, पण वाट निरीक्षणाची आहे. जुन्या पाणाड्याच्या डोळ्यांत आपल्या मुलखांतील ओहोळ, सखल जागा, उन्हाळ्यांतही हिरवीं राहणारीं झाडें व शेजारच्या विहिरी सांठलेल्या असतात. कारण सांगतां न येणारें हें ज्ञान म्हणजेच त्याची अंतःस्फूर्ति, व ती आदरास पात्र आहे. पण तिला दैवी शक्ति म्हटलें कीं तपासणीची वाटच बंद होते.

म्यूनिकनजीक १९८७-८८ सालीं एका कोठारांत खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ हलवून वरच्या मजल्यावर ४३ निवडक पाणाड्यांच्या ८४३ परीक्षा घेतल्या. प्रयोगकर्त्यांस कांहीं जण यशस्वी वाटले. पण एन्राइट यांनीं १९९९ सालीं तेच आंकडे तपासून तें यश योगायोगापलीकडचें नाहीं असें दाखविलें. तेथें पाहावयास ना झाड होतें ना उतार. डोळ्यांस आधार नाहींसा झाला, तशी फांदीही मुकी झाली.

महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यांत पाणी मुरमांत, सच्छिद्र मांजऱ्या खडकांत व भेगांत सांठतें. अखंड पाषाणांत नाहीं. जाड मुरमाच्या सखल जागीं कोणीही खूण केली तरी बहुधा पाणी लागतें व श्रेय फांदीस मिळतें. विहीर कोरडी गेली कीं दोष मात्र आपल्या नशिबास! असा हिशेब आपण सावकाराचा तरी मान्य करूं काय?

म्हणून आमची सूचना अशी. प्रथम शेजारच्या विहिरींची खोली, लागलेले थर व वैशाखांतील पातळी लिहून काढावी. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा. यंत्रही चुकतें, पण तें आपल्या चुकीचें कारण तरी सांगतें. पाणाड्यास बोलवावयाचेंच असेल तर खोली व पाण्याचें मान आधीं कागदावर घ्यावें, आणि डोळे बांधून तीच जागा त्यास पुन्हां सांपडते कीं नाहीं हें पाहावें. प्रामाणिक पाणाडी यास नकार देणार नाहीं.

शेवटीं, जें पाणी पावसाळ्यांत आपण जिरविलें नाहीं, तें उन्हाळ्यांत कोणतीही फांदी दाखवूं शकणार नाहीं.