बाळ उशिरा रडलं, म्हणून सेरोटोनिनची तपासणी?

जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळासाठी सेरोटोनिनच्या रक्ततपासणीवर आणि ‘मेंदूच्या टॉनिक’वर पैसे घालवू नका. झोप, श्वास, मन:स्थिती सांभाळणारं हे रसायन. उंदरांच्या पिल्लांवरील प्रयोगांत प्राणवायूअभावी मेंदूच्या देठातल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या, हे खरं. पण रक्तातलं सेरोटोनिन बहुतेक आतड्यात बनतं आणि मेंदूत शिरत नाही. मग रिपोर्टवरून मेंदूचं काय कळणार? टॉनिकच्या बाटल्यांत महिने मात्र जातात. ‘होईल हळूहळू’ म्हणणारी आजी प्रत्येक घरात असतेच! चार महिन्यांत बाळाने मान धरली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढ मागे पडलेल्या मुलांची तपासणी, उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत आहेत. तो २०१३ मध्ये सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून.