सायकलचा बटवा

सायकल बिघडली कीं दुकानांत न्यावी, कीं घरींच पाना हातांत घ्यावा? मोठ्या शहरांत हा प्रश्न केवळ हौसेचा असेल. अहेरीस तो निराळा होतो. चाक दगा देतें, तें दुकानासमोरच देतें असें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमची पुतणी आलापल्लीहून परत येत असतां चाकांत कांटा रुतला. भोंवतीं जंगल, दिवस कललेला. बिचारी सायकल ढकलीत दिवेलागणीनंतर घरीं पोहोंचली. तोंवर वहिनींच्या जिवांत जीव नव्हता. बंधूंनीं तत्काळ निकाल दिला, "उद्यांपासून सायकल बंद!"

वास्तविक बंद करावयाचें होतें तें अज्ञान. दुसऱ्या दिवशीं अंगणांत पाण्याची परात मांडली व मुलीच्याच हातून काम करविलें. चाक न काढतां टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढावी, हवा भरून पाण्यांत धरावी. बुडबुडे येतील तेथें छिद्र. ती जागा कोरडी करून घासकागदानें खरवडावी व सोल्यूशन लावावें. तें किंचित् सुकल्यावरच ठिगळ दाबावें. उतावळीनें ओल्यावर लावलेलें ठिगळ टिकत नाहीं. शेवटीं टायरच्या आंतून जपून बोटें फिरवून कांटा शोधावा. तो तसाच राहिला तर सारा खटाटोप व्यर्थ!

साखळीस तेल देणें, ब्रेकचें रबर पाहणें, ढिले नट आवळणें हींही घरचींच कामें. परंतु चाकाची 'आउट' काढण्यास मुरलेला हात लागतो. एक तार अधिक आवळली तर धांव तिकडेच ओढली जाते. वांकलेला चिमटा किंवा फुटलेले छर्रे यांसाठीं दुकानाचीच वाट धरावी. घरांत आजीचा बटवा असतो, म्हणून कोणी वैद्याचा अनादर करीत नाहीं.

आणि दुकानदाराची विद्या हलकी, असें सुशिक्षितांनीं तरी समजूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 मध्यें बेळगांवच्या सायकलच्या दुकानांतच झाला. पुढें त्याच हातांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर घडविले, आणि 1910 मध्यें किर्लोस्करवाडी वसविली. डन्लॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें तेंही 1888 सालींच.

मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील कित्येक शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आहेत. सायकल देणारानें, मग तें सरकार असो वा बाप, हवेचा पंप आणि ठिगळांची डबी यांसह ही घटकाभराची विद्याही द्यावी.

पुतणीची सायकल बंद झाली नाहीं. परवां बंधूंच्याच सायकलचें चाक बसलें, तेव्हां त्यांनीं ओसरीवरून हांक मारली ती लेकीला.