पॅनेल डॉक्टर गेला, मेंबरशिप आली

मुलुंडच्या एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेल्या, दवाखान्याच्या मेंबरशिपच्या जाहिरातीचा फोटो या आठवड्यात एका वाचकांनी पाठवलाय. वर्षाची रक्कम एकदम भरा. घरातल्या चौघांना हवा तेव्हा डॉक्टर, रात्री-अपरात्री फोनवर सल्ला, वर रक्त-लघवीची एक तपासणी मोफत. इथवर माझी तक्रार नाही. पण खाली लाल अक्षरांत लिहिलंय, ‘मेडिक्लेमची कटकट विसरा!’ आणि वाचक विचारतात, मेंबरशिप तर घेतली, मग यंदा पॉलिसी रिन्यू करायची की सोडायची?

करायची. मुदत संपायच्या आत करायची. सोडलीत तर बीपी-मधुमेहासारख्या जुन्या दुखण्यांसाठी काढलेली प्रतीक्षा नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून सुरू. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर, फसवणुकीचा अपवाद सोडला, तर ‘तुम्ही माहिती लपवलीत’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ते मोजणंही शून्यावर येतं. २०२४ मध्ये विमा नियामकाने जुन्या दुखण्यांची कमाल प्रतीक्षा चारावरून तीन वर्षांवर आणली आणि हे मोजणं आठावरून पाचावर. एवढं पदरात पडलेलं लिफ्टमधल्या कागदापायी सोडू नका.

ॲडमिट न होता झालेला दवाखान्याचा खर्च देणाऱ्या विम्याच्या पुरवणीवर, म्हणजे ओपीडी रायडरवर, मी पूर्वी लिहिलं होतं तेव्हा एजंट मंडळी माझ्यावर चिडली होती. ‘दवाखान्याचा खर्चसुद्धा विम्यातच हवा’ असं तेव्हा मला समजावणाऱ्यांपैकी काहीजण आता मेंबरशिपचे फॉर्म भरून घेतायत. मुद्दा तोच आहे. डॉक्टरला आगाऊ दिलेली फी म्हणजे विमा नव्हे. मेंबरशिपवाल्या दवाखान्याने तुमच्या बायपासची जोखीम उचललेली नसते. ज्या अमेरिकेतून ही टूम आली, तिथल्या २०२५ च्या करकायद्यानेही हे वेगळं काढलं: महिना १५० डॉलरपर्यंतचं असं सदस्यत्व असलं तरी माणसाला मोठ्या डिडक्टिबलची पॉलिसी आणि तिच्यासोबतचं करमुक्त बचत खातं चालू ठेवता येतं. म्हणजे तिथे दोन्ही हातात हात घालून चालतात. इथे अर्धंच आयात झालं.

आणि टूम तरी नवी कुठे आहे? एलबीएस मार्गावर, कुर्ल्यापासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत, आज जिथे टॉवर दिसतात तिथे कितीतरी ठिकाणी कारखाने होते. त्यांतल्या कामगारांसाठी ही मेंबरशिप मुंबईत १९५४ मध्येच आली होती. कागदोपत्री राज्य कामगार विमा योजना, घरात ‘ईएसआयचं कार्ड’. भांडुपच्या चाळीतला फिटर जवळच्या पॅनेल डॉक्टरकडे नाव नोंदवायचा. त्या डॉक्टरला दर खेपेची फी नाही. नोंदवलेल्या कुटुंबामागे वर्षाची ठरावीक रक्कम. दुखणं त्याच्या हाताबाहेर गेलं की चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर मुलुंडचं, कांदिवलीचं नाहीतर मरोळचं कामगार रुग्णालय. उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, जुन्या आजाराची प्रतीक्षा नाही, खोलीच्या भाड्यावरून हुज्जत नाही.

आजचा भाव पाहा. २१,००० पगारावर कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के मिळून महिन्याला ८४० रुपये, वर्षाला १०,०८०. त्यांपैकी कामगाराच्या खिशातून १,८९०. एवढ्यात नवरा-बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. आजारपणात रजा पडली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी. किमान पाच वर्षं विम्याखाली नोकरी करून निवृत्त झालेल्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपयांत उपचार. एकशेवीस! टॉवरच्या पार्किंगमध्ये गाडी धुणारा महिन्याला याहून जास्त घेतो.

आता त्याच फिटरचा मुलगा घ्या. अंधेरीच्या सीप्झमध्ये इंजिनिअर, एलबीएस मार्गावरच चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. त्याच्याकडे कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, ती नोकरीबरोबर जाणार. स्वतःची एक पॉलिसी आहे, तिला ओपीडी रायडर जोडलेला. शिवाय ही मेंबरशिप. दवाखान्याच्या खर्चाचे पैसे तो दोनदा भरतोय, पंधरा लाखांच्या बिलाची सोय मात्र एकीकडेही नाही. बापाच्या कार्डात डॉक्टर आणि हॉस्पिटल एका चिठ्ठीने बांधलेले होते. मुलाचा डॉक्टर एकाचा, विमा दुसऱ्याचा, हॉस्पिटल तिसऱ्याचं.

डेंगी झाला की हे उघडं पडतं. चांगला फॅमिली डॉक्टर साध्या डेंगीला घरीच ठेवतो, रोज प्लेटलेट मोजतो, पाणी पाजतो, धोक्याची लक्षणं सांगून ठेवतो. मेंबरशिपचा खरा फायदा हाच. पण डेकेअरची यादी सोडली तर पॉलिसी २४ तास ॲडमिट झाल्यावरच पैसे देते. म्हणून मग आपल्याकडचं ते सुप्रसिद्ध वाक्य, ‘एक रात्र ठेवू या, क्लेम होऊन जाईल.’ पॅनेल डॉक्टरला आणि त्याच्या पेशंटला या वाक्याची गरजच नव्हती.

मी कार्डाची आरती ओवाळत नाहीये. रांगा होत्या, औषधं संपलेली असायची, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीत माणसं गेली. पण रचना शहाणी होती: खालचं डॉक्टरकडे, वरचं विम्याकडे, मध्ये फट नाही आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे नाहीत. टॉवरवाल्यांनी तिची नक्कल करावी.

मेंबरशिप ठेवायची असेल तर ओपीडी रायडर काढून टाका. मूळ पॉलिसी खोलीभाड्याच्या मर्यादेशिवायची बघा. आरोग्य संजीवनी ही सरकारमान्य साधी पॉलिसी स्वस्त वाटते, पण तिच्यात खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के, तेही दिवसाला ५,००० पर्यंतच, आणि प्रत्येक क्लेममध्ये पाच टक्के तुमचे. १०,००० ची खोली घेतलीत की खोलीबरोबर सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं, म्हणजे निम्मं. मग मूळ पॉलिसीची रक्कम जिथे संपते तिथून सुरू होणारं सुपर टॉप-अप घ्या. नुसतं टॉप-अप नको. ते प्रत्येक आजारपणाचं बिल वेगळं मोजतं, सुपर टॉप-अप वर्षाची सगळी बिलं एकत्र धरतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. त्या वाचलेल्या पैशांत मेंबरशिप बसते, असं एजंट सांगतो. आधी सुपर टॉप-अप बसवा, असं मी सांगतो.

आणि कागद सांभाळा. बहुतेक पॉलिसी ॲडमिट होण्याआधीचे किमान ३० दिवस आणि घरी आल्यावरचे किमान ६० दिवस यांचा संबंधित खर्च देतात. मेंबरशिपमध्ये भेटीचं बिलच फाटत नाही, तेव्हा निदान तारखेची चिठ्ठी आणि तपासण्यांची वेगळी बिलं मागून घ्या. दुसरं, डॉक्टरच्या केसपेपरवर ‘सहा वर्षांपासून बीपी’ असेल आणि प्रपोजल फॉर्मवर बीपीचं नाव नसेल, तर कंपनीला तुमच्याविरुद्ध दुसरा पुरावा लागत नाही. मेंबरशिपवाल्यांचे रेकॉर्ड तर ॲपवर, तारीखवार. दोन्हीकडे एकच खरं सांगा.

राहता राहिली ती मोफत तपासणी. अशा तपासण्यांवर माझा जुना राग आहे. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत चाळिशीतल्या एकाही माणसाचं ड जीवनसत्त्व अशा मोफत तपासणीत पुरेसं निघालेलं मी ऐकलेलं नाही. आपण सगळे उन्हातान्हात लोकलला लोंबकळतो, तरी कमी! फुकटची तपासणी ही दवाखान्याची जाहिरात असते आणि तिचा रिपोर्ट हे विकत घ्यायच्या गोष्टींचं बिल.

ईएसआयची खरी खोट वेगळीच आहे. पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी बंद, आणि मग कार्डही. बढती झाली म्हणून संरक्षण गेलं, असा हा उरफाटा न्याय. २०१५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कामगाराला ईएसआय सोडून बाजारातला विमा घ्यायचा पर्याय देऊ केला होता. बाहेर पडायचा दरवाजा सुचला, आत राहू देणारा सुचला नाही. मी म्हणतो, वर गेलेल्याला चारही टक्के स्वतः भरून कार्ड ठेवू द्या. ३०,००० पगारावर महिन्याला १,२०० होतात. या भावात आईवडिलांसकट, मर्यादेविना आणि प्रतीक्षेविना पॉलिसी एखाद्या एजंटाने आणून दाखवावी. पुढच्या आठवड्याचा स्तंभ त्याचा.

— हिशेबनीस