तोडफोड झालेली जुनी गाडी : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा?

पुणे, पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. भांडण कोणाचे तरी असते, दहशत कोणाला तरी बसवायची असते आणि भुर्दंड मात्र त्या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला पडतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांची गाडी ही शोभेची वस्तू नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली बंद झाले, तरी कापडाचे गठ्ठे, बेकरीचा माल आणि सुतारकामाची हत्यारे आजही या गाड्यांतून जातात. अशी गाडी आठ दिवस उभी राहिली की आठ दिवसांचा धंदा बसतो.

सकाळी काचांचा खच पाहिल्यावर माणूस प्रथम विम्याचा विचार करतो. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ विमा आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही देत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी दावा करण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. दहा वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांवर निम्मी घसारा कपात होते. प्लास्टिक व रबरावरही निम्मी होते, काचेवर मात्र होत नाही. समजा, पत्र्याचा भाग ३,००० रुपयांचा, आरसा १,००० चा आणि रंगकाम २,००० चे आहे. पत्र्यातून १,५०० आणि आरशातून ५०० गेले. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याचे निम्मे, म्हणजे २५० गेले. लहान गाडीला सक्तीचे १,००० रुपये पदरचे भरावे लागतात. सहा हजारांच्या बिलात हाती आले २,७५०, आणि वर्षानुवर्षे जमलेली, प्रीमियमवर पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारी ‘नो क्लेम’ सवलत गेली ती वेगळीच. शिवाय खासगी मोटारीच्या पॉलिसीत व्यापारी मालाची वाहतूक बसत नाही, यावरही विमा कंपनी बोट ठेवू शकते. म्हणून नुकसान थोडे असेल तर दावा न करणेच आम्हाला शहाणपणाचे वाटते. पोलीस तक्रार मात्र अवश्य द्यावी, फोटो काढावेत आणि तक्रारीची प्रत घ्यावी. १ जुलै २०२४ पासून अशा नुकसानीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३२४ लागू होते.

आता दुरुस्तीकडे वळू. आमच्या मते क्रम असा असावा : आधी काच, दिवे, आरसे व टायर, मग पत्रा जेथे उघडा पडला आहे ती जागा, आणि देखणेपणा सर्वांत शेवटी. पुष्कळ लोक उलट करतात. चऱ्यांनी मन खट्टू होते म्हणून गाडी आधी पेंटरकडे जाते आणि बाजू कापलेला टायर पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून तसाच फिरवला जातो. टायरच्या चालीवरील भोक बुजवता येते, बाजूची चीर बुजवता येत नाही. तो टायर बदललाच पाहिजे.

दाराची काच फुटली की तिचे दाणे होतात, तेव्हा दुसरी काच बसवण्यावाचून इलाज नाही. ती जुन्या बाजारात मिळते. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांची पुढची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. जाणता कारागीर बीडिंगच्या खाचेत सुतळी फिरवून काच जागेवर ठेवतो आणि आतून सुतळी ओढत ती बसवतो. बीडिंग कडक होऊन चिरले असेल तर तेवढे मात्र नवे घ्यावे, नाहीतर पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डमागे उतरते.

कुर्ल्याच्या बाजारात वा पुण्याच्या नाना पेठेत जुना भाग घेताना पावती मागावी. भाव फारच उतरलेला असेल आणि विकणारा पावती द्यायला तयार नसेल, तर तो माल कुठून आला हे आपल्याला कळत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. काल आपली काच फुटली, आज दुसऱ्याची चोरलेली काच आपण बसवावी, हे आम्हाला पटत नाही.

किल्लीने वा खिळ्याने ओढलेल्या चऱ्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने काम भागते, तेही घरच्या घरी. नख अडकले आणि खाली पत्रा दिसत असेल तर गाडी रंगवायची घाई नको, पण गंज थांबवण्याची घाई हवी. तेवढी रेघ पॉलिश पेपरने घासावी, प्राइमर लावावा आणि बारीक ब्रशने टच-अप करावे. रेघ दिसेल, पण पत्रा वाचेल. कोणी रंग फेकला असेल तर थिनर थेट ओतू नये. पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेल्या गाडीचा मूळ रंगही थिनरबरोबर निघून येतो. आधी झाकल्या कोपऱ्यात चिंधीने तपासावे.

आता आमच्या कारागीर बांधवांना दोन शब्द. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आपले हात पुष्कळ आहेत आणि हातांत कसबही आहे. पण पत्रा ठोकून सरळ करायला वेळ लागतो आणि पुट्टी भरायला लागत नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतची पुट्टी योग्यच आहे. बोटभर पुट्टी मात्र खड्ड्यांच्या रस्त्यावर तडकते, तडीतून पाणी शिरते आणि वर्षभरात फुगा येतो. गिऱ्हाईक पैसे देताना चकाकी पाहतो, आतला थर त्याला दिसत नाही. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. आमच्या दृष्टीने पुट्टीखालचा न ठोकलेला पत्रा ही तीच ओल होय. गिऱ्हाईकाला परवडत नसेल तर त्याला तसे सांगून पुट्टीचे काम स्वस्तात करून देण्यात काही गैर नाही. न सांगता करण्यात आहे.

गिऱ्हाईकानेही डोळे उघडे ठेवावेत. एक लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून रंगवलेल्या जागेवर फिरवावे. जेथे पुट्टी जाड आहे तेथे ते धरत नाही. काम देण्यापूर्वी ठोकण्याचे किती, रंगाचे किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. दोघांचेही भले त्यातच आहे, कारण निम्मे तंटे तोंडी बोलण्यातून होतात.

संपूर्ण गाडी रंगवून घ्या, असा सल्ला पेंटर देतील. त्यांची मजुरी त्यात आहे, आम्ही दोष देत नाही. परंतु पंधरा वर्षांच्या गाडीला हा खर्च परत मिळत नाही. जेवढा भाग बिघडला तेवढाच, दाराच्या वा मडगार्डच्या जोडापर्यंत रंगवावा. उन्हाने जुना रंग फिका पडलेला असतो, म्हणून केवळ कोड सांगून रंग घेऊ नये. इंधन टाकीचे झाकण दुकानात नेऊन त्याच्याशी जुळवून घ्यावा. काम झाल्यावर हार्डनर न मिसळलेला उरलेला रंग घट्ट बुचाच्या बाटलीत मागून घ्यावा आणि बाटलीवर गाडीचा नंबर व तारीख लिहून ठेवावी.