बाजारातली जीप सैन्याला चालेल काय?



खडकावर चढणारी, ओढ्यातून पाणी उडवीत जाणारी मोटार तुम्ही जाहिरातीत पाहिली असेल. अशी गाडी पाहिली की कोणीतरी हटकून म्हणतो, "ही तर मिलिटरीला द्यायला हवी!" आणि जुन्या जीपवर हात बसलेला एखादा ड्रायव्हर त्याला उत्तर देतो, "हिच्यात नुसता डौल. खरी गाडी ती जुनी जीपच." दोघांचेही बोलणे ऐकायला बरे वाटते, पण दोघांपैकी कोणी काही मोजलेले नसते. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा हा प्रश्न थोडा मोजून पाहू.

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली विलीस जीप साधारण एक टन वजनाची आणि 60 अश्वशक्तीची होती. युद्ध संपले आणि ती शेतावर, खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आली. आपल्याकडे मुंबईच्या महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिची जुळणी सुरू केली. म्हणजे तेव्हा गाडी सैन्याकडून बाजारात आली. पुढे हा प्रवाह उलटा झाला. 1985 साली बाजारात आलेली मारुती जिप्सी सैन्याने हजारोंनी घेतली. 2017 साली टाटा मोटर्सला 3,192 सफारी स्टॉर्म गाड्यांचे काम मिळाले. मार्च 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याची फोर्स मोटर्स आणि महिंद्र यांच्याशी मिळून सुमारे 5,000 हलक्या गाड्यांचे करार केले. जिप्सी 500 किलो ओझ्याच्या वर्गातली होती. या नव्या गाड्यांनी 800 किलो वाहून न्यावे अशी अपेक्षा आहे.

दाबाचा हिशेब

ओझे वाढले, तशी गाडीही जड झाली. जिप्सी सुमारे एक टनाची, तर आजच्या या गाड्या दोन टनांच्या घरातल्या. त्याने काय बिघडते?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे आमचे कुंभारी हे काळ्या रानाचे गाव. पाऊस पडला की येथली माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. टायरवरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग गाडीची चारही चाके इंजिनाने फिरवली, तरी ती जागच्या जागी फिरतात. कारण पुढे ढकलणारे बल शेवटी घर्षणातूनच मिळते.

आता दोन टनांची गाडी घ्या. चाकातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2 किलो धरला, तर 2000 किलो वजन पेलायला चारही चाकांखाली मिळून सुमारे 1000 चौ. सेंमी जमीन लागेल. एवढी अवजड गाडी तुमच्या वहीच्या अडीच पानांएवढ्या जागेवर उभी असते! हवा निम्मी केली तर ही जागा जवळजवळ दुप्पट होते आणि जमिनीवरचा दाब निम्मा होतो. चिखलात किंवा वाळूत शिरण्यापूर्वी जाणता ड्रायव्हर चाकातली हवा कमी करतो, ते याचसाठी.

म्हणजे गाडी जड आहे म्हणून ती रुतेलच असे नाही. टायर रुंद आणि मोठे असले तर दाब आटोक्यात राहतो. खरा फरक रुतल्यानंतर पडतो. एक टनाची जिप्सी पाच-सहा जवान ढकलून बाहेर काढू शकतात. दोन टनांना तेवढी माणसे पुरत नाहीत. आमच्या शिवारात कोणाचा तरी ट्रॅक्टर मिळेल. सीमेवरच्या नाल्यात तो कोठून आणायचा? येथे जुन्या गाडीला एक गुण द्यावाच लागतो.

उंचीवरचा श्वास

आता नव्या गाडीची बाजू. लडाखमध्ये 5000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. इंजिनालाही श्वास लागतो. प्राणवायू कमी, तर इंधन कमी जळते आणि शक्तीही कमी मिळते. जुन्या जीपचे किंवा जिप्सीचे इंजिन अशा ठिकाणी जवळजवळ निम्मे होऊन जाते. नव्या डिझेल इंजिनांत टर्बोचार्जर असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी ही पंखी हवा दाबून आत भरते. त्यामुळे उंचीवर शक्तीची तूट पुष्कळच कमी होते. शिवाय जवानाचे बरेच दिवस साध्या रस्त्यांवरच्या प्रवासात जातात. तेथे चांगले ब्रेक आणि भक्कम छत यांचे मोल कमी कसे मानायचे? "जुने तेच खरे" म्हणणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये.

मात्र याच इंजिनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळाली की गाळणी तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. पण तासन्‌तास संथ चालणाऱ्या ताफ्यात, किंवा इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत, ती तुंबू लागते. बिघाड शोधायला पाना-स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही. संगणकी यंत्र जोडावे लागते. हे शहरात सोपे आहे, डोंगरातल्या चौकीवर नाही.

जेथे हिशेब बदलतो

1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातील जांभूरखेड्याजवळ सुरुंगाचा स्फोट झाला. खासगी वाहनातून जाणारे 15 पोलीस जवान आणि त्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. आपल्या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे कळते.

स्फोटाचा आवेग समान असेल, तर गाडीला मिळणारा वेग तिच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन टनांच्या गाडीला जेवढा हिसका बसतो, त्याच्या एकपंचमांश दहा टनांच्या गाडीला बसतो. सपाट तळ स्फोटाचा सगळा मारा अंगावर घेतो. होडीसारखा निमुळता तळ त्यातला बराच भाग बाजूंना वळवतो. तळ जमिनीपासून जितका उंच, तितका दाब झपाट्याने कमी. सुरुंगरोधक गाड्या जड, उंच आणि निमुळत्या तळाच्या असतात त्या यामुळे. त्यादेखील मोठ्या सुरुंगापुढे अजिंक्य नाहीत. पण साध्या मोटारीजवळ या माऱ्याला उत्तरच नसते.

मग बाजारातल्या गाडीलाच पोलादी पत्रा बसवला तर? हिशेब करा. 6 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 47 किलो भरतो. असा दहा चौरस मीटर लावला की 470 किलो झाले. 800 पैकी उरले 330 किलो. सामानासह चार जवान बसले की संपले! पाणी, दारूगोळा, वायरलेस कोठे ठेवायचे? शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

चिलखती गाडी मुळापासून तशीच बनवावी लागते आणि ती महाग पडते. मार्च 2021 मध्ये महिंद्रच्या संरक्षण कंपनीशी 1,300 चिलखती हलक्या गाड्यांचा 1,056 कोटी रुपयांचा करार झाला. म्हणजे एकेक गाडी सुमारे 81 लाखांना पडली. 2025 च्या साध्या गाड्या सुमारे 14 लाखांच्या. एका चिलखती गाडीत जवळजवळ सहा साध्या गाड्या येतात. म्हणून सगळीकडे चिलखती गाडी देणे जमणार नाही. आणि स्वस्त पडते म्हणून सगळीकडे साधी गाडी धाडणे योग्य होणार नाही.

माझे मत

बाजारातली गाडी सैन्याला आजही चालेल, पण फक्त ने-आण करण्याच्या कामाला. जेथे सुरुंगाची वा गोळीची शक्यता आहे तेथे ती पाठवू नये, मग जाहिरातीत ती कितीही डोंगर चढो. दुसरे असे की, खरेदी करतानाच तिच्या साऱ्या आयुष्याच्या सुट्या भागांची सोय लावावी. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री 2019 मध्ये थांबली. बाजार आपल्या सोयीने गाडी बदलतो, सैन्याला तसे करता येत नाही. आणि तिसरे, गाडी चौकीवरच्या माणसाला दुरुस्त करता यावी. अहिल्यानगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तेथील कसोट्यांत वेग आणि चढाव यांच्या जोडीला हेही मोजले जावे: बिघडलेली गाडी दोन जवान किती वेळात चालू करतात?

तुम्हीही एक मोजणी करून पाहा. सायकलच्या दोन्ही चाकांना ओला रंग लावा. आलेख कागदावर ती टेकवून मित्राला वर बसवा आणि उमटलेल्या ठशांतले चौकोन मोजा. सायकल आणि मित्र यांच्या एकूण वजनाला या क्षेत्रफळाने भागा. आलेले उत्तर पंपाच्या दाबमापकाशी ताडून पाहा. ते तंतोतंत जुळणार नाही, कारण टायरची भिंतही थोडे ओझे पेलते. मग हवा कमी करून पुन्हा मोजा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. पुढे कोणी तुम्हांला "ही गाडी कोठेही जाते" असे सांगू लागला, तर त्याला विचारा: किती ओझे घेऊन, कोणत्या जमिनीवर, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार?