हुंडणावळीतील बट्टा

परकीय चलनाचा व्यवहार ही एके काळी व्यापाऱ्यांची आणि सरकारी खात्यांची बाब होती. आज ती मध्यमवर्गाच्या घरखर्चाची बाब झाली आहे. सामान्य नागरिकास वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये दिली आणि २०१५ मध्ये ती मर्यादा २,५०,००० डॉलरवर नेली. मुभा मिळाली हे योग्यच झाले. परंतु या व्यवहाराची खरी किंमत किती, हे मात्र पैसे पाठविणाऱ्यास अजूनही सहजासहजी कळत नाही.

जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. तेथे शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम सामान्यतः एका बंद खात्यात आधीच भरून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. आता हिशेबाच्या सोयीसाठी असे समजू, की बाजारात युरोचा दर १०० रुपये आहे आणि बँक तो १०३ रुपयांस देते. पावतीवर पाठवणीचा आकार म्हणून हजार-दीड हजार रुपये दिसतात आणि पालकास तेवढाच खर्च झाला असे वाटते. वस्तुतः केवळ दरातील फरकापोटी त्याचे ३५,७१२ रुपये गेलेले असतात. हे साधे त्रैराशिक आहे. पण बाजारदराचा आकडा समोर नसेल तर ते मांडावयाचे कसे? शिवाय वाटेतील मध्यस्थ बँकेने आपला आकार मूळ रकमेतूनच कापून घेतला, तर खात्यात पैसे कमी पोहोचतात आणि उरलेली रक्कम पुन्हा पाठविण्याचा भुर्दंड पडतो.

पेशवाईत नाना टांकसाळींचे रुपये चालत आणि ते बदलून देताना सराफ बट्टा घेत. परंतु तो बट्टा म्हणूनच मोजला जाई. आज 'कमिशन नाही' अशी पाटी लावून तोच बट्टा दराच्या पोटात दडविता येतो. बँकांना खर्च असतो, दरातील चढउताराची जोखीमही असते. त्याचा मोबदला त्यांनी घेऊ नये असे कोणीही म्हणणार नाही. तक्रार आहे ती मोबदल्याबद्दल नव्हे, त्याच्या लपवालपवीबद्दल.

युरोपीय संघाने या बाबतीत २०१९ मध्ये एक नियम केला. संघातील चलनांत कार्डाने अदलाबदल होते तेव्हा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्के अधिक घेतले जात आहेत, हे ग्राहकास सांगितले पाहिजे, असा तो नियम होय. आपल्याकडेही युरोचा संदर्भदर कामकाजाच्या दिवशी प्रसिद्ध होतो. मोजण्याची काठी उपलब्ध आहे. ती ग्राहकाच्या हाती दिली पाहिजे. संदर्भदर, बँकेचा दर आणि दोहोंतील फरक रुपयांत, हे तीन आकडे सहीपूर्वी प्रत्येक अर्जावर एकाखाली एक छापलेले असावेत, एवढीच आमची मागणी आहे.

तोवर नागरिकांनी स्वतःच सावध राहणे इष्ट. आकार किती हे विचारू नये. सर्व धरून अमुक युरो पोहोचण्यास एकूण किती रुपये लागतील, हे विचारावे आणि तोच प्रश्न त्याच दिवशी दुसऱ्या बँकेतही विचारावा. प्रवासात पॅरिस वा रोमच्या दुकानातील यंत्राने 'रुपयांत की युरोत?' असे विचारले, तर युरोच निवडावेत. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्या ओळखीची किंमत बहुधा जबर असते.

ही रक्कम चैनीची नसते. अनेक घरांत ती भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली किंवा दागिने गहाण टाकून उभी केलेली असते. अशा पैशातून कोणी किती घेतले, हे जाणण्याचा हक्क तरी त्याच्या मालकास असावयास नको काय?