फ्लू सगळा सारखा नसतो

‘फ्लू काय, सगळा सारखाच, प्रतिकारशक्ती चांगली असली की काही होत नाही,’ हे दर पावसाळ्यात ऐकू येतं. कुणी दगावलं की ‘मुळात प्रकृतीच तोळामासा’ असा निवाडाही होतो. हे मत चुकीचं आहे आणि गेलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे.

त्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य. वय, मधुमेह, दमा, गरोदरपण यांनी धोका वाढतो. 1918 च्या साथीत मुंबईतल्या युरोपियनांपेक्षा खालच्या मानलेल्या जातींतला मृत्युदर कित्येक पटींनी जास्त होता. दाटीवाटी आणि उपासमारीचा तो परिणाम. पण त्याच साथीत जगभर 20 ते 40 वयाची धडधाकट माणसंही मोठ्या संख्येने गेली. एरवीच्या फ्लूतून हाच वयोगट सहज उठतो. प्रकृतीच सगळं ठरवत असेल, तर याचा उलगडा कसा करायचा?

उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या मृतदेहातून आणि जपून ठेवलेल्या ऊतींमधून 1918 च्या विषाणूची जनुकं हाती आली. त्यावरून 2005 मध्ये अमेरिकेत तो विषाणू पुन्हा घडवला गेला. त्याची लागण केलेले उंदीर सहा दिवसांत मेले. मग त्याचं हेमॅग्लुटिनिनचं एकच जनुक काढून तिथे अलीकडच्या फ्लूचं बसवलं, तर उंदीर जगले. उंदीर त्याच जातीचे. बदलला तो विषाणू.

हेमॅग्लुटिनिन हे विषाणूला पेशीशी चिकटवणारं प्रथिन. नेहमीचा फ्लू मुख्यतः नाक-घशाच्या पेशींना धरतो. एच5एन1 या बर्ड फ्लूला अनुकूल पेशी आपल्या फुप्फुसात खोलवर असतात. शिवाय हे प्रथिन कापलं गेल्याशिवाय संसर्ग होत नाही. साध्या फ्लूसाठी ते कापणारी विकरं प्रामुख्याने श्वसनमार्गात असतात, एच5एन1 साठी जवळपास सर्व अवयवांत. हाँगकाँगमध्ये 1997 साली त्याची बाधा झालेल्या 18 जणांपैकी 6 दगावले.

राहिली प्रतिकारशक्ती. ती काढ्याने वाढवून ठेवायची शिल्लक नव्हे. 1918 च्या विषाणूची लागण केलेल्या माकडांमध्ये तिचाच अनावर भडका फुप्फुसांच्या नासाडीला कारण झाला. खरं मोल आहे ते ओळखीला. पुण्याने सोसलेल्या 2009 च्या स्वाइन फ्लूची लागण वृद्धांना तुलनेने कमी झाली, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीराला तशा विषाणूची जुनी ओळख होती.

ही ओळख आजारी न पडता करून देण्याचा मार्ग म्हणजे लस. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. तेव्हा धट्ट्याकट्ट्या तरुणाचा ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, तर ‘अंगात ताकद आहे, निभावेल’ म्हणत घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.